छोटं विद्यापीठ आणि डीपीटीचा प्रवेश

प्रश्न : मुलीने पुण्यात फिजिओथेरपीची पदवी (बीपीटी) घेतली. अमेरिकेतल्या एका लहान, फारसं नाव नसलेल्या विद्यापीठात तिला डीपीटीला (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) प्रवेश मिळतोय. घ्यावा का?
– एक आई, सातारा

उत्तर : विद्यापीठ लहान आहे याची धास्ती घेऊ नका. आधी अभ्यासक्रमाला ‘कॅप्टे’ची (तिथल्या फिजिओथेरपी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) पूर्ण मान्यता आहे की तो अजून ‘कँडिडेट’, म्हणजे मान्यतेच्या प्रतीक्षेत आहे, ते पाहा. विद्यापीठाची मान्यता वेगळी, अभ्यासक्रमाची वेगळी. कँडिडेट असतानाही विद्यार्थी घेता येतात, पण अंतिम निर्णय पहिली तुकडी बाहेर पडण्याच्या सुमारास होतो. मान्यता नाकारली गेली, तर परवान्याच्या परीक्षेला बसणंच अवघड होतं. मोठं कर्ज काढून हा धोका पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मान्यता असेल तर निकाल बघा. परवाना परीक्षेत दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के उत्तीर्ण व्हावेत, ही कॅप्टेची अपेक्षा. मात्र तो ‘अखेरीस उत्तीर्ण’चा आकडा असतो, तुम्ही पहिल्या प्रयत्नाचा विचारा, आणि अनेक वर्षांचा. २५ जणांच्या तुकडीत चौघे नापास झाले तरी निकाल १६ टक्क्यांनी घसरतो.

लहान विद्यापीठाचं स्वतःचं रुग्णालय बहुधा नसतं. क्लिनिकलचे पूर्णवेळ आठवडे कुठे जातात, दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर भाडं कोण भरतं, हे तिने थेट शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावं. त्यांतला एखादा भारतीय असेल तर फारच उत्तम.