लेकरांचा दवाखाना सोबतीनं काढताना

तुम्ही पाच-सहा बालरोगतज्ज्ञ मिळून अमरावतीला आणि अकोल्याला लेकरांचा सामाईक दवाखाना काढताय, आणि ठरलेल्या दिवशी मेळघाटातही जाऊन बसणार आहात, हे कळलं आणि फार बरं वाटलं. मुहूर्ताला मी येईनच. पण जागेचा करार करण्याआधी, मशिनची कोटेशनं मागवण्याआधी चार गोष्टी कानावर घालतो.

आधी पैशाचं बोला. पेशंट येत नाहीत म्हणून बंद पडलेले सामाईक दवाखाने मी फार पाहिले नाहीत. हिशेबावरून फाटलेले पुष्कळ पाहिले. तुमच्यातला नवजात शिशूंचा डॉक्टर भरती पेशंट आणेल. ओपीडीवाला सकाळपासून दुपारपर्यंत साठ लेकरं तपासेल. आणि उशिरा बोलणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या मुलांचं पाहणारी तुमची मैत्रीण एका लेकराजवळ तासभर बसेल. केसमागे पैसे वाटले तर वर्षाच्या आत तीच पहिली सोडून जाईल. खरं तर तिच्यासारखं माणूस एकट्याच्या दवाखान्याला परवडत नाही म्हणूनच सामाईक दवाखाना काढायचा असतो. तेव्हा वाटणी तासांवर करा. ज्यानं जितका वेळ दिला तितका त्याचा वाटा. लॅब, मेडिकल, सोनोग्राफी सेंटर, कुणाकडूनही कट घ्यायचा नाही, हे करारातच लिहा, आणि तो कागद घरच्यांसमोर वाचा. नवराबायकोला ठाऊक नसलेला करार पहिल्या दिवाळीलाच अडचणीत येतो.

मेळघाटातल्या बैरागडला जाणाऱ्या डॉ. रवींद्र कोल्हेंनी हे लग्नाच्या आधीच करून ठेवलं होतं. महिन्याला ४०० रुपयांत संसार करावा लागेल, हे त्यांनी मुलीला आधी सांगितलं. डॉ. स्मिता हो म्हणाल्या. पुढची सगळी वर्षं त्या 'हो'वर उभी राहिली. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. तुम्ही ४०० रुपयांत भागवावं असं मी म्हणत नाही, तुमची कर्जं आहेत, लेकरांच्या शाळा आहेत. पण आकडा काय तो आधी सांगून टाका, आणि तो कमीच सांगा.

कोल्हे मेळघाटात जायच्या आधी एका जाणत्या डॉक्टरांनी त्यांना तीन गोष्टी शिकून घे म्हणून सांगितलं होतं. सोनोग्राफी नाही, रक्ताची सोय नाही, अशा जागी बाळंतपण करता आलं पाहिजे. एक्स-रेवाचून न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे. सलाइनवाचून हगवण आवरता आली पाहिजे. ते मुंबईला सहा महिने राहून हे शिकले. तुम्ही सगळे एमडी आहात, डीसीएच आहात, तुमच्या हाताशी पोर्टेबल एक्स-रे आहे. तरी या तिन्हींतल्या शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाला आल्या पाहिजेत. प्रत्येक म्हणजे नर्स, कंपाउंडर, केसपेपर लिहिणारी मुलगी, सगळे.

श्वास मोजायचं घ्या. लेकरू आईच्या मांडीवर शांत पडलेलं असावं, झोपलेलं असलं तर उत्तम. झबलं वर करायचं, पोट आणि बरगड्यांची खालची कड उघडी दिसली पाहिजे. सेकंदकाट्याचं घड्याळ भिंतीवर नको, लेकराच्या पोटाशेजारी धरायचं, म्हणजे नजर एका जागी राहते. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय ज्याला आहे त्याची ती मोडा, कारण लहान बाळ थांबून थांबून श्वास घेतं. रडलं तर पाजू द्या आणि पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५०, पाच वर्षांच्या आतल्याचा ४० किंवा जास्त भरला तर तो वेगाचा श्वास. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर आणखी वाट पाहायची नाही. आता महत्त्वाचं. पहिले काही आठवडे रोज एका लेकराचा श्वास तुम्ही दोघातिघांनी वेगवेगळा मोजा, कागदावर लिहा आणि मग ताडून पाहा. एकाचे ४४ आणि दुसऱ्याचे ५६ येत असतील तर तुमचा दवाखाना अजून एक झालेला नाही.

वजनकाट्याचंही तेच. अमरावतीचा काटा, अकोल्याचा काटा आणि गाडीत नेता तो काटा, तिन्हींवर महिन्यातून एकदा पाच किलोचं तेच वजन ठेवून पाहा. कुपोषित लेकराचा सगळा निर्णय दोनशे ग्रॅमवर ठरतो. दंडाचा घेर मोजायची पट्टी मात्र सगळ्यांच्या खिशात असू द्या. सहा महिने ते पाच वर्षं वयात ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरलं तर ते अतितीव्र कुपोषण.

आईला सगळ्यांनी एकच सांगायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. सोमवारी तुम्ही सांगता अंगावर पाजत राहा, बुधवारी तुमचा मित्र सांगतो दोन दिवस दूध बंद, शनिवारी तिसरा डबा लिहून देतो. दर्यापूरकडची बाई बस बदलून येते, तिला बोलायची हिंमत नसते, ती नुसती मान हलवते आणि घरी जाऊन सासू म्हणेल ते करते. म्हणून हगवण, ताप, खोकला, वरचं खाणं, झटका या पाच गोष्टींवर काय सांगायचं ते एका कागदावर मराठीत लिहा, सगळ्यांनी सह्या करा आणि प्रत्येक टेबलावर काचेखाली ठेवा. मतभेद असतील ते रविवारी भांडून मिटवा. पेशंटसमोर दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही. बदल करावाच लागला तर त्याच डॉक्टरला फोन लावून, आईला ऐकू जाईल असं बोलून बदला.

ओआरएसचं आपल्या मुलखात एक वेगळं आहे, ते पुस्तकात सापडणार नाही. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, हा सगळा पूर्णेचा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचं पाणी मुळातच खारट. त्यात पुडी कालवली की मिठाचं प्रमाण आणखी वाढतं, आणि लेकराला आधीच पाणी कमी पडलेलं असतं. तेव्हा नुसती पुडी देऊन आईला पाठवू नका, तुमच्या घरी प्यायला पाणी कुठलं येतं, हे विचारा. नळयोजनेचं किंवा फिल्टरचं पाणी वापरायला सांगा. आणि लिटर म्हणजे किती, ते दाखवा. बाजारात मिळते ती एक लिटरची पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन घे आणि पुडी अख्खी त्यात टाक, असं सांगितलं की कुठलीही माउली चुकत नाही. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, असं करणाऱ्या घरी माप हमखास बिघडतं. झिंक १४ दिवस द्यायचं असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. "आता त काई होत नाई लेकराले, मंग कायले देऊ?" असं ती विचारणारच. तिला सांगा की पुढच्या दोन-तीन महिन्यांतली हगवण यानं टळते. कारण कळलं की बाई चौदाच्या चौदा गोळ्या देते, हा माझा अनुभव आहे.

आता मेळघाटाविषयी, आणि हे जरा कडक वाटलं तरी ऐका. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हापासून तिथे किती गाड्या आल्या आणि गेल्या याला गणती नाही. काही मात्र राहिले. बैरागडला कोल्हे राहिले. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातवांनी 'महान' संस्थेचं रुग्णालय उभं केलं, गावातल्याच बायांना तयार करून घराघरांत उपचार पोचवले. पुण्याची 'मैत्री' संस्था १९९७ पासून पावसाळ्यात डॉक्टर आणि स्वयंसेवक पाठवत आली, कारण लेकरं जास्त दगावतात ती पावसाळ्यातच, नाले भरतात आणि रस्ते तुटतात तेव्हा. तुम्ही बोर्ड लावायच्या आधी यांच्याकडे जा, चार दिवस राहा आणि विचारा की तुमच्याकडे काय कमी आहे. ताप-खोकल्याची ओपीडी नको असेल कदाचित. कानाची तपासणी हवी असेल, हृदयाचा आवाज ऐकून इको करणारा हवा असेल, झटके येणाऱ्या मुलांची औषधं वर्षभर पुरवणारा हवा असेल. जे कमी आहे ते घेऊन जा. आणि वार ठरवला की ठरवला. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, पण महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी डॉक्टर येतो हे एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की तो गुरुवार चुकवायचा हक्क तुम्हाला उरत नाही. आजारी पडलात तर दुसऱ्यानं जायचं. सामाईक असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

तिथे कोरकू बोलणारी नर्स घ्या, पगार शहरातल्या नर्सइतकाच द्या. पोट फुगलं म्हणून पोटावर चटके दिलेलं बाळ तुमच्यासमोर येईल. तुम्हाला संताप येईल, तो येणं बरोबरच आहे, पण तो आईवर काढू नका. तुम्ही ओरडलात तर पुढचं बाळ तुमच्यापर्यंत येणारच नाही. भूमका, म्हणजे कोरकूंचा भगत, गावात बारा महिने असतो, तुम्ही महिन्यातून एकदा. त्याच्याकडे जाऊन बसा, चहा प्या, आणि धाप लागलेलं, दूध न ओढणारं, अंग थंड पडलेलं बाळ आलं तर आधी आमच्याकडे पाठव, एवढंच मागा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' संस्थेच्या ३९ गावांत बाईमाणसांच्या हातून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं, आणि आज आशाताई ज्या ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या, त्याचं मूळ तिथे आहे. तेव्हा आशाताई केस घेऊन आली तर तिला रांगेत ताटकळवू नका. तिला खुर्ची द्या, काय सापडलं ते तिला समजेल असं सांगा, आणि कार्डावर लिहून द्या.

फी किती घ्यावी? घ्या, फुकट देऊ नका, पण वसुलीचा हंगाम ओळखा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं, डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकारानं, ऐंशीच्या दशकात आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या मापानं आरोग्य विमा चालवला. सुगीला घरटी ज्वारी द्यायची, ज्याची शेती जास्त त्यानं जास्त, आणि वर्षभर उपचार. आपल्याकडे आता ज्वारी कमी झाली, पण कल्पना तीच वापरा. कापूस विकला की हातात पैसा येतो, तेव्हा घरातल्या सगळ्या लेकरांची वर्षाची वर्गणी घ्या. आषाढ-श्रावणात शेतकऱ्याचा खिसा रिकामा आणि लेकरं आजारी, दोन्ही एकाच वेळी असतं.

फवारणीच्या दिवसांत, ऑगस्टपासून पुढे, अॅट्रोपिन भरपूर ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कीटकनाशक काढून ठेवतात आणि लेकरू ते पितं. विंचवासाठी प्राझोसिन ठेवा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते विंचूदंशावर वापरून दाखवलं नसतं तर आपण अजून नुसते पाहत बसलो असतो. फिकट, वारंवार हातपाय दुखणाऱ्या मुलाची सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय लोहाच्या बाटल्या लिहू नका. लसींचा फ्रिज वेगळा, त्याच्या दारात काही ठेवायचं नाही, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, २ ते ८ अंश. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लाईटही तेव्हाच जाते, इन्व्हर्टर फ्रिजला आधी, एसीला नंतर.

बाळ पुढे पाठवायचं असेल तेव्हा चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. अमरावतीच्या डफरीनला किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगला आधी फोन करा, खाट आहे का विचारा, १०८ येईपर्यंत साखर तपासा, आणि बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून लुगड्यात गुंडाळून बसवा. थंड पडलेलं बाळ पोचून उपयोग होत नाही. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर डांबरीकरण विक्रमी वेळात झालं, त्यामुळे अकोला-अमरावती आता पूर्वीसारखं हाडं खिळखिळी करणारं राहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या बाळाला पाहून या. आईला ते आयुष्यभर आठवतं आणि तिथल्या डॉक्टरांशी तुमची ओळखही पक्की होते.

खाटा ठेवणार असाल तर १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी लागते, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी नुसत्या ओपीडीलाही लागते. ही कामं एकानंच अंगावर घ्या, सगळ्यांनी थोडी थोडी केली की कुणीच करत नाही.

सुरुवात जूनमध्ये नको. पावसाळ्यात गर्दी एकदम अंगावर येते आणि नव्या लोकांच्या हातून घाईत घोळ होतात. फेब्रुवारीत दार उघडा, मागोमाग होळी येते. होळीला कोरकू माणूस मजुरीसाठी कुठेही गेलेला असो, घरी येतो, फगव्याचे दिवस असतात, सगळं कुटुंब गावात सापडतं. राहिलेल्या लसी, वजनं, सिकलसेलच्या तपासण्या तेव्हाच उरकतात. म्हणून होळीच्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणीही सुट्टी घ्यायची नाही, हे आत्ताच करारात घालून घ्या.