विहिरीवर राहिलेली घागर
शास्त्रपाठ : योहान ४:५-३०

शोमरोनी स्त्री भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर पाण्याला आली. प्रभूने तिच्या पाच नवऱ्यांचा विषय काढताच तिने उपासनेच्या जागेचा प्रश्न पुढे केला : हा डोंगर, की यरुशलेम? प्रश्न खोटा नव्हता; यहूदी व शोमरोनी यांच्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. पण त्याच्याआड तिची तहान झाकली गेली.

आम्हां मराठी मंडळ्यांतही असे वाद आहेतच. गीते विलायती चालीवर गावी, की टाळ-मृदंगावर भजने? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी आम्हांला भजने दिली, तरी हट्ट सुटले नाहीत. आणि चालीसाठी भांडणारे आम्ही पुष्कळदा उपासनेहून कोरडेच घरी येतो.

प्रभूने तिचा प्रश्न टाळला नाही. तारण यहूद्यांमधून आहे, हेही स्पष्ट सांगितले. मग तो म्हणाला की, पिताच खरे उपासक शोधीत आहे. म्हणजे पहिले पाऊल त्याचे! तिचे सारे ठाऊक असून तो तिच्याशी बोलत राहिला. तिची तहान भागली ती येथे.

शब्बाथशाळेत मुलांना विचारावे : घागर तिने तेथेच का टाकली? योहान कारण देत नाही. शिक्षकांनीही घाईने देऊ नये. एवढे मात्र दाखवावे की, जी गोष्ट विहिरीवर तिने एका वाक्यात आटोपली होती, तिच्याविषयीच ती आता गावात लोकांशी बोलू लागली.