दवंडी शिवेपर्यंतच

बाबू, आता कामावर तू एकटा जाणार, म्हणून सांगून ठेवतो. ब्रॉडकास्ट म्हणजे कोतवालाची दवंडी, ती गावच्या शिवेपर्यंतच ऐकू जाते. २५५.२५५.२५५.२५५ ला सोडलेलं पॅकेट राउटर दुसऱ्या सबनेटमध्ये जाऊ देत नाही. हा बिघाड नाही, त्याचं कामच ते आहे.

तुमसरकडच्या राइस मिलमध्ये हे हमखास भेटेल. ऑफिसचे संगणक १९२.१६८.१ मध्ये, गेटवरचं हजेरीचं मशीन १९२.१६८.२ मध्ये. सॉफ्टवेअरमध्ये 'सर्च' दाबलं की मशीन दिसत नाही, आणि मालक म्हणतो मशीन गेलं. केबल उपटायला धावू नकोस. आधी पिंग कर. उत्तर आलं तर रस्ता नीट आहे. 'सर्च' ब्रॉडकास्टवर चालतं, तेवढंच. आयपी हाताने टाक. उत्तर नाही आलं तर मशीनच्या मेनूत गेटवेचा रकाना बघ. तिथे बरेचदा ०.०.०.० असतं. असं मशीन आपल्या सबनेटमध्ये छान बोलतं, पण बाहेरच्याला उत्तर देऊ शकत नाही. मग मास्क बघ. १९२.१६८.१०.० ला २४ चा मास्क असेल तर ब्रॉडकास्टचा पत्ता १०.२५५ वर संपतो, २३ चा असेल तर ११.२५५ वर. एकाच सबनेटमधल्या दोन मशीनवर वेगवेगळे मास्क असले की माणूस दिवसभर चकवा लागल्यासारखा फिरतो.

डीएचसीपीचं मात्र वेगळं. नवा संगणक पत्ता मागतो तोही ब्रॉडकास्टनेच, आणि सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असला तर त्याला ते कळणारच नाही. म्हणून राउटरवर रिले लावायचा. राउटर ती मागणी उचलतो, ज्या बाजूने आली तिथला आपला आयपी त्यात लिहितो आणि सरळ सर्व्हरकडे धाडतो. तो आयपी पाहून सर्व्हर कोणत्या सबनेटमधला पत्ता द्यायचा ते ठरवतो. सिस्कोवर हेल्पर ॲड्रेस टाकलास की डीएचसीपीसोबत टीएफटीपी, डीएनएस, नेटबायोससारखं आणखीही काही पलीकडे जायला लागतं. नको असेल ते बंद कर.

कुणी म्हणेल, पलीकडच्या सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ताच उघडून दे, काम झटपट होईल. नाही म्हण. त्याच वाटेने स्मर्फ हल्ले झाले: एक खोटं पिंग आत सोडायचं आणि शेकडो मशीनची उत्तरं तिसऱ्याच्याच अंगावर. म्हणून १९९९ पासून राउटरमध्ये ही सोय मुळातच बंद असावी असा नियम झाला. रात्री संगणक दुरून चालू करायचे असतील तर त्याच सबनेटमध्ये एक छोटं मशीन ठेव, त्यालाच तिथून हाक मारू दे.

पावसाळ्यात वीज पडून राउटर जळतो, घाईघाईत नवा लागतो आणि रिलेची ओळ राहून जाते. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लॅबच्या संगणकांवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतात. तसं दिसलं की आधी ती ओळ बघ. कॉन्फिगरेशनची एक प्रत कागदावर काढून राउटरच्या पेटीतच ठेवत जा.