आधी बॅटरी, मग बोर्ड

चाकांवर फिरणाऱ्या रोबोसाठी कोणता बोर्ड घेऊ, असं विचारायला इंजिनिअरिंगची मुलं येतात तेव्हा त्यांच्याकडे प्रोसेसरच्या तुलनेचा तक्ता तयार असतो. किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, किती टॉप्स. मी विचारतो, बॅटरी कोणती आणि पाच व्होल्ट कुठून काढणार? यावर बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. आमच्या वर्कशॉपमध्ये चालता चालता मान टाकलेले जे रोबो येतात, त्यांत प्रोसेसर कमी पडल्याची प्रकरणं थोडी. वीज कमी पडल्याचीच फार.

त्यातला एक नमुना सांगतो. रास्पबेरी पाय ४, वर आरपीलिडार ए१, खाली गिअरच्या दोन मोटारी, ११.१ व्होल्टची थ्री-एस बॅटरी. टेबलावर चाकं अधांतरी ठेवून चालवला की सगळं झकास. फरशीवर ठेवून जरा जोरात वळवला की पाय रीस्टार्ट! मुलांनी कोड उलटापालटा केला. मल्टिमीटर तर पाच व्होल्ट बरोबर दाखवत होता. पण मल्टिमीटर सावकाश मोजतो. मोटारीने झटका घेतल्यावर काही मिलिसेकंद व्होल्टेज कोसळतं, ते त्याच्या नजरेत येत नाही. ऑसिलोस्कोपवर मात्र तो खड्डा स्पष्ट दिसला. पाय स्वतःही याची नोंद ठेवतो. व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. आता रोबोला स्क्रीन कुठून असणार? म्हणून टर्मिनलवर ‘गेट थ्रॉटल्ड’ची आज्ञा द्यायची. निव्वळ शून्य आलं तर ठीक, नाहीतर कोड बाजूला ठेवून वायरी हातात घ्यायच्या. त्या रोबोत एलएम२५९६चा स्वस्तातला बक कन्व्हर्टर होता आणि त्याच्यापुढे हातभर लांब, बारीक यूएसबी वायर. त्या चिपची मर्यादा तीन अँपिअर आहे खरी, पण हीटसिंक नसलेल्या इवल्याशा पट्टीवर तेवढा भार सतत टाकू नये. पाच अँपिअरचा कन्व्हर्टर, जाड आणि आखूड वायर, मोटारींना बॅटरीपासूनच वेगळी वाट, एवढं केल्यावर रोबो सुतासारखा सरळ चालला. बोर्ड तोच होता.

पाय ५ घेणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला म्हणजे झालं, असं वाटतं. पण असे चार्जर ५ व्होल्टवर सहसा ३ अँपिअरच देतात, बाकीची ताकद वरच्या व्होल्टेजला राखून ठेवतात. तेवढ्यावर पाय सुरू होतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर देतो. लिडार आणि डेप्थ कॅमेरा एकदम लावले की कॅमेरा गायब, आणि मुलं ड्रायव्हर शोधत बसतात. जीपीआयओ पिनांवरून वीज दिली तर किती करंट मिळणार, हे त्याला कळतच नाही. कन्व्हर्टर खरोखर पाच अँपिअरचा असेल, तर तसं सेटिंगमध्ये आपणच सांगावं लागतं.

वीज जमली की दुसरा प्रश्न उबंटूचा. रोबोचं सॉफ्टवेअर बहुधा आरओएस २वर चालतं, आणि त्याची हंबल आवृत्ती उबंटू २२.०४साठी, जॅझी २४.०४साठी. पाय ५ला २२.०४ चालत नाही. म्हणजे सरांचा जुना प्रोजेक्ट हंबलवर असेल तर कंटेनरची कसरत आली. सेकंड हँड जेट्सन नॅनो स्वस्तात मिळतो म्हणून उड्या मारणाऱ्यांचीही हीच गत होते. २०१९चा तो बोर्ड, त्याची जेटपॅक उबंटू १८.०४वर थांबली. बोर्ड वाईट नाही, पण त्याच्यासाठी आज नवं काही लिहायला घेऊ नका. कॅमेऱ्यावरून वस्तू ओळखायचीच असेल तर ओरिन नॅनोचा विचार करा, आणि ७ ते १५ वॅट, सुपर मोडमध्ये २५ वॅटपर्यंत, बॅटरीच्या हिशेबात धरा. ११.१ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम ५५ वॅट-अवर. त्यातच मोटारीही जगवायच्या आहेत.

नुसता नकाशा काढून वाट शोधायची असेल तर पाय ४ पुरतो. जागा आणि वजन यांची अडचण नसेल तेव्हा मला स्वतःला इंटेल एन१००चा मिनी पीसी आवडतो. सॉफ्टवेअर विनातक्रार बसतं, एसएसडी आत असते, मेमरी कार्ड खराब होण्याची कटकट नाही. यातले बरेच पीसी १२ व्होल्ट मागतात आणि थ्री-एस बॅटरी १२.६वरून ९च्या आसपास उतरते, तेव्हा बक-बूस्ट कन्व्हर्टरचे पैसे आधीच बाजूला काढा.

चाकांच्या एन्कोडरचे पल्स मात्र यांतल्या कशालाच मोजायला देऊ नका. लिनक्स इतर कामांत गुंतला की पल्स निसटतात. चाकांचं काम ईएसपी३२ किंवा पिकोकडे द्या, दोन-चारशे रुपयांचा प्रश्न आहे.

आणि घड्याळ. पाय ४मध्ये ते नसतंच, तो इंटरनेटवरून वेळ घेतो. कॉलेजच्या मैदानावर नेट नसलं की रोबो आणि लॅपटॉप यांच्या वेळा जुळत नाहीत, लिडारची ताजी मापं जुनी ठरवून टाकून दिली जातात आणि नकाशा उमटत नाही. पाय ५मध्ये घड्याळ आहे, त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. पाय ४वाल्यांनी डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावावं, नाहीतर क्रोनी वापरून रोबोची वेळ लॅपटॉपशी जुळवून घ्यावी.