कावीळ, घरचे पाणी आणि पोटुशी सून

गेल्या पंधरवड्यात पूर्वभागातील एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेला सातवा महिना लागला होता. दोन दिवस अन्नावर वासना नव्हती, मळमळत होते आणि लघवी सरसोच्या तेलासारखी गडद होत होती. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून एक पुडी काढली आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, गावाकडून काविळीची माळ मागवलीय. ती घातली तर चालंल न्हवं? औषध मग माळ उतरल्यावर देताव का?"

मी सुनेच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. तो हळदीसारखा पिवळा झाला होता. सासूबाईंना सांगितले, "माळ घाला, माझी हरकत नाही. पण रिक्षा आत्ताच बोलवा, आपल्याला मोठ्या दवाखान्यात जायचे आहे." त्या ऐकणाऱ्या निघाल्या. ती मुलगी आता बरी आहे. आजचा लेख मात्र ज्या घरांत असे ऐकले जात नाही, त्यांच्यासाठी आहे.

कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी जुन्या झाल्या की फुटतात. त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली, किंवा पित्ताची वाट अडली, की हे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसू लागते. म्हणजे कावीळ झाली असे म्हणणे हे ताप आला म्हणण्यासारखेच आहे. कशामुळे झाली, हे शोधावे लागते.

यकृताला सूज आणणारे विषाणू मुख्यतः पाच : ए, बी, सी, डी आणि ई. यांपैकी बी, सी आणि डी हे रक्तातून व शरीरसंबंधातून पसरतात. बी आणि सी दीर्घकाळ अंगात राहू शकतात. ए आणि ई हे मात्र पोटातून येतात. रोग्याच्या विष्ठेतील विषाणू पाण्यात किंवा अन्नात मिसळतो आणि दुसऱ्याच्या तोंडात जातो. आपल्याकडे काविळीच्या ज्या मोठ्या साथी येतात, त्या बहुतेक ई विषाणूच्या असतात.

ई विषाणूचा शोध आणि आपले पुणे

मी एम.बी.बी.एस.ला होतो तेव्हा 'हिपॅटायटिस ई' हे नाव पुस्तकात नुकतेच येत होते. त्याआधी त्याला 'ए नाही, बी नाही' असे विचित्र नाव होते. या नावामागची हकिकत वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे, कारण तिचा मोठा भाग आपल्याच देशात घडला.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेचा प्रवाह बदलला आणि शहराचे सांडपाणी पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे सरकले. पाणीपुरवठा करणाऱ्यांनी धोका ओळखून क्लोरिन वाढवले. त्यामुळे विषमज्वरासारख्या जिवाणूंच्या साथी आल्या नाहीत. पण काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू तगला.

त्या वेळी सर्वांना वाटले, हा ए विषाणूच. पण त्या साथीतील काही रोग्यांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ यांनी ते नव्या चाचण्यांनी तपासले. १९८० मध्ये त्यांनी जाहीर केले, की हा ए विषाणू नाही आणि बी सुद्धा नाही. त्याच सुमारास काश्मीरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी १९७८ च्या तेथील साथीचा अभ्यास करून हाच निष्कर्ष काढला. गर्भवती स्त्रियांवर या रोगाचा घाला फार मोठा असतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

पुढे रशियातील शास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांनी रोग्यांच्या विष्ठेपासून केलेले द्रावण स्वतः प्यायले, कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू पाहिला. हा प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये विषाणूची जनुकीय ओळख पटली आणि त्याला 'ई' हे अक्षर मिळाले.

पुण्याच्या संस्थेने पुढेही मोलाचे काम केले. डॉ. विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातील रक्तनमुने तपासले. त्यांतून दिसले, की ए विषाणूशी आपली गाठ लहानपणी पडते, तर ई विषाणूशी बहुधा तरुणपणी. ए विषाणू मुलांना सहसा किरकोळ आजार देऊन जातो आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती ठेवून जातो. शहरातील सुखवस्तू घरांत मात्र स्वच्छता वाढल्याने मुले ए विषाणूपासून वाचतात आणि मोठेपणी तो झाला तर जास्त त्रास देतो. ई विषाणू गाठतो तो कमावत्या तरुणाला आणि बाळंतपणाच्या वयातल्या मुलीला. या वयाच्या फरकातच सारी गोम आहे.

माझी एक चूक

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. विड्या वळणारी एक सून आठव्या महिन्यात माझ्याकडे आली होती. मळमळ, थकवा, तोंडाला चव नाही. गर्भारपणात हे असतेच, असे समजून मी पित्ताची गोळी दिली आणि आठ दिवसांनी यायला सांगितले. लघवीचा रंग विचारला नाही. डोळ्यांची पापणी ओढून पाहिली नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, तेव्हा घरच्यांनी तिला गावाकडे कावीळ उतरवायला नेले. तेथे हात धुतल्यावर पाणी पिवळे झाले, म्हणून सगळे निश्चिंत झाले. दहाव्या दिवशी तिला माझ्या दारात आणले ते गुंगीत. नाव विचारले तर उत्तर देत नव्हती. ती गेली, बाळही गेले.

मी घरच्यांना दोष देत नाही. पहिली संधी माझ्या हातात होती. तेव्हापासून गर्भवतीने मळमळ सांगितली, की मी आधी डोळे पाहतो, मग नाडी.

हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, त्यात चमत्कार नाही. आंब्याच्या सालीचा रस हाताला लागलेला असला आणि वर चुन्याची निवळी पडली, की पिवळा रंग येतो. कावीळ नसलेल्या माणसाचा हात धुतला तरी येईल. साधी कावीळ बहुतेकांत आपोआप चार-सहा आठवड्यांत ओसरते, म्हणून माळेला, डागण्याला आणि नाकात टाकायच्या थेंबांना श्रेय मिळते. ज्यांची ओसरत नाही, त्यांचा मात्र या खटपटीत वेळ जातो.

गर्भवतीला धोका किती?

एरवी ई विषाणूच्या काविळीत शंभरांत एखादाच दगावतो. पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आकडा शंभरांत वीस ते पंचवीसपर्यंत जाऊ शकतो. यकृत अचानक निकामी होते, रक्त गोठत नाही, मेंदूवर परिणाम होतो. म्हणून गर्भवतीची कावीळ ही घरी बसून पाहण्याची गोष्ट नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डॉक्टर अशा वेळी नुसते बिलिरुबिन पाहून थांबत नाहीत, प्रोथ्रॉम्बिन टाइम करायला सांगतात. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात. ही वेळ वाढू लागली, तर यकृत थकत चालले आहे, हे डोळ्यांच्या रंगापेक्षा आधी कळते. त्या चाचणीला 'कशाला हवी' म्हणू नये.

आपल्या सोलापूरचा पाण्याचा प्रश्न

आपण वर्षानुवर्षे दोन-चार दिवसांआड पाणी भरत आलो आहोत. नळ बंद असतो तेव्हा जमिनीखालच्या नळीत दाब नसतो. नळी गटाराशेजारून जात असेल आणि तिला कोठे फट असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. आणि आपण नळाला थेट मोटार लावली, की ही ओढ कितीतरी वाढते. मोटारीने आपल्याला दोन हंडे जास्त मिळतात, त्याबरोबर साऱ्या गल्लीची घाणही येऊ शकते. पुढे तेच पाणी चार दिवस पिंपात आणि हौदात राहते, त्यात हात व तांब्या बुडतात.

आपल्यासारखेच मागावर जगणारे इचलकरंजी २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीच्या मोठ्या साथीत सापडले आणि तेथे बळी गेले. पंचगंगेच्या दूषित पाण्याचा प्रश्न तेव्हा सगळ्यांसमोर आला. आपल्या जिल्ह्यात तर दर आषाढीला पंढरपुरी लाखो माणसे एकत्र येतात.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवा. ई विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. म्हणजे आषाढीला प्यालेले पाणी श्रावण-भाद्रपदात डोळ्यांत दिसते. कावीळ दिसल्यावर आजच्या पाण्याकडे बोट दाखवून उपयोग नसतो. गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ दिसली, तर महिना-दीड महिन्यापूर्वी नळाला गढूळ पाणी आले होते का, ते आठवा आणि महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.

काय करावे?

१. गर्भवतीच्या घरी पिण्याचे पाणी उकळूनच द्यावे. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट आच चालू ठेवावी. तुरटी फिरवल्याने किंवा फडक्याने गाळल्याने पाणी निवळते, विषाणू मरत नाही.

२. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. नळाला येणारे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. मोटार थेट नळाला लावू नये.

३. शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

४. काविळीत उसाचा रस चांगला म्हणून गाड्यावरचा रस प्यायला देतात. त्या बर्फातून आणि धुतलेल्या पेल्यातून नवीच कावीळ येऊ शकते. घरचे लिंबू-सरबत उकळलेल्या पाण्यात करून द्यावे.

५. हळद पिवळी म्हणून बंद करण्याचे कारण नाही. वरण-भात, भाकरी, ज्वारीची आंबील, ताक, फळे, जे पचेल ते थोडे थोडे द्यावे. उपाशी ठेवू नये. गर्भवतीला तर मुळीच नाही.

६. दुकानातून ताप-अंगदुखीच्या गोळ्या किंवा कोणत्याही पुड्या आणून देऊ नयेत. आजारी यकृताला त्या आणखी त्रास देतात. दारू पूर्ण बंद.

७. उलट्या थांबत नाहीत, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोट फुगणे, यांपैकी एक जरी दिसले, तरी रोगी कोणीही असो, क्षणाचाही विलंब लावू नये.

लशीबद्दल वाचक विचारतात. ए आणि बी या विषाणूंवर लशी आहेत, आणि बी ची लस सरकारी कार्यक्रमात बाळाला जन्मतःच दिली जाते. ती चुकवू नका. ई विषाणूवरील लस चीनमध्ये तयार झाली आणि तेथे २०११ मध्ये तिला मान्यता मिळाली. २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील बेंटियू येथील निर्वासितांच्या छावणीत साथ रोखण्यासाठी ती प्रथमच वापरली गेली, गर्भवतींनाही दिली गेली. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. तोपर्यंत आपली लस म्हणजे चुलीवरचे उकळते पातेले.

शेवटी सासूबाईंना एक विनंती. सुनेला मळमळ होते म्हणाली, तर 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणण्याआधी तिला उजेडात बसवा, तिचे डोळे पाहा आणि लघवीचा रंग विचारा. ते पिवळे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे या. माळ वाटेत घातली तरी चालेल.