कुरवंजीचे पात्र : तंजावरच्या राजनाट्यातील उपेक्षित नटी

मराठी नाटकाचा प्रारंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला, हे मत तंजावरची हस्तलिखिते उजेडात आल्यापासून पूर्वीसारखे निर्वेधपणे मांडता येत नाही. शहाजीराजांच्या (१६८४-१७१२) नावावर असलेले 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक सुमारे १६९० चे मानले जाते. या शोधाने नाटककारांची परंपरा दीडशे वर्षे मागे गेली. नटींचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला. सांगलीकर परंपरेत स्त्रीभूमिका पुरुष करीत, आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटातही तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाकडे गेली. दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कामे केली, तेथपासून मराठी अभिनेत्रीचा इतिहास सांगण्याची रीत आहे. तंजावरच्या राजवाड्याभोवतीची स्थिती निराळी होती.

येथे भेद करणे अगत्याचे आहे. मेलट्टूरच्या भागवतमेळ्यात ब्राह्मण पुरुषच सर्व भूमिका करतात. कुरवंजी हा नाट्यप्रकार मात्र देवदासींचा. त्याचे कथानक ठरीव असते. मिरवणुकीत निघालेल्या देवाला वा राजाला पाहून नायिका विरहाने झुरते. मग डोंगरातील कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या डोंगराचे व भ्रमंतीचे वर्णन करते, हात पाहते आणि मीलनाचे भाकीत करते. पुढे तिचा पारधी नवरा तिला शोधीत येतो व तिच्या अंगावरील दागिन्यांविषयी संशयाने प्रश्न विचारतो. त्रिकूट रासप्प कविरायर यांची तमिळ 'कुट्रालक्कुरवंजी' हा या प्रकाराचा सर्वमान्य नमुना होय.

नायक प्रत्येक नाटकात वेगळा असतो. कुठे क्षेत्रदेवता, कुठे राजा, कुठे साक्षात इंद्र. ग्रंथाला नाव त्याचे किंवा त्याच्या क्षेत्राचे मिळते, आणि रंगभूमीवर त्याला करण्यासारखे फारसे काही नसते. कुरवंजीचे पात्र मात्र नाटकानाटकातून परत येते, आणि गायन, नृत्य, बोलीतील विनोद, नवऱ्याशी झडणारी प्रश्नोत्तरे हा सगळा भार तिच्यावर असतो. अतिमानवी नायकांच्या आजच्या चित्रपटमालिकांतही दुय्यम स्त्रीपात्र करणाऱ्या नटीचे असेच होते. प्रसंग ती पेलते आणि जाहिरातीत नाव नायकाचे झळकते.

दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८-१८३२) काळी या पात्राला अनपेक्षित काम मिळाले. राजांनी स्वतः मराठीत 'देवेंद्रकुरवंजी' रचिली. तीत कुरवंजी आपल्या डोंगराच्या पलीकडे जाते व पृथ्वीचा भूगोल सांगते. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या आणि सरस्वती महालात युरोपीय ग्रंथ व नकाशे जमविणाऱ्या राजाची ही कल्पना. विदूषकाला वा पंडिताला हे काम देणे सोपे होते. भटकणाऱ्या बाईच्या तोंडी ते घालण्यात औचित्य अधिक आहे, कारण जग पायांखाली घातल्याचा तिचा दावा या प्रकारात पूर्वीपासून रूढच होता. खंडे व देश यांची रूक्ष यादी श्रवणीय करण्याची जबाबदारी अर्थातच पात्र वठविणारीची. नाटकाचे टीकाकार भूगोलाचे कौतुक करतात. तो गाऊन नाचून दाखवावा लागेल, याचा विचार क्वचितच होतो.

त्याच दरबारातील शिवक्कोळुंदु देशिकर यांची तमिळ 'सरभेंद्रभूपाल कुरवंजी' बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी करीत असत. तिचे नायक खुद्द सरफोजी. एका राजाभोवती दोन भाषांत दोन कुरवंजी उभ्या राहिल्या. सादर करणाऱ्या स्त्रिया तमिळ वा तेलुगू घराण्यांतील असल्याने मराठी नाट्येतिहासाने त्यांना परके मानले. आणि पदे मराठी असली की तमिळ अभ्यासकांनी ती बाजूस ठेवली. भाषावार इतिहासलेखनाच्या या फटीत नटी हरवली आहे.

तिची नावे टिकणे अशक्य नव्हते. त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर राजराज चोळाने सुमारे १०१४ साली चारशे नर्तकींची नावे, त्यांच्या घरांच्या ठिकाणांसह, कोरून ठेविली आहेत. प्रत्येकीस वर्षाला शंभर कलम भात नेमून दिल्याचाही उल्लेख आहे. मराठा काळाबाबत आधार मुख्यतः घराण्यांच्या स्मृतीचा. विख्यात नर्तकी बालसरस्वती (१९१८-१९८४) यांच्या घराण्याची परंपरा पापम्माळ या अठराव्या शतकातील तंजावर दरबारच्या गायिका-नर्तकीपर्यंत सांगितली जाते. १८५५ साली संस्थान खालसा झाले आणि या मंडळींचा राजाश्रय आटला. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा तिच्याबरोबर गौरा व कांतिमती या नर्तकी बडोद्यास गेल्या. मराठी राजसत्तेच्या एका दरबारातून दुसऱ्या दरबारात तंजावरची नृत्यपरंपरा त्यांच्या रूपाने पोचली.

मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने देवदासीप्रथा बंद झाली. त्याआधीच, १९४४ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्रात 'कुट्रालक्कुरवंजी' नव्याने बसविली होती. कुरवंजीचे पात्र नव्या रंगमंचावर मानाने उभे राहिले, पण आता ते करणाऱ्या बहुधा दुसऱ्याच घरांतील मुली होत्या. 'देवेंद्रकुरवंजी'ची छापील प्रत मराठी वाचकाच्या हाती आहे. तिच्यातील पदांची लय, हालचालींच्या जागा आणि संवादांची ठेवण नर्तकीच्या दृष्टीने तपासली, तर त्या नटीच्या कसबाचे काही अनुमान खुद्द संहितेतूनच करता येईल.