क्रोधवेग आणि श्वासवेग : धारण कोणाचे, मोचन कोणाचे?

भिवंडी-वाडा मार्गावर अंबाडी नाक्यापासून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वाट फुटते. ध्यानासाठी गणेशपुरीस जाणारे साधक आणि यंत्रमागाची वा गोदामाची पाळी संपवून परतणारे कामगार याच नाक्यावरून जातात. या परिसरातील चिकित्सकाकडे येणारे रुग्ण बहुधा दुसऱ्या वर्गातले. आम्लपित्त, शिरःशूल, अनिद्रा या तक्रारी ते स्वतः सांगतात; राग आवरत नाही, हे मात्र सोबत आलेली पत्नी सांगते.

अशाच एका रुग्णाच्या बाबतीत आमच्याकडून घडलेली चूक प्रथम नमूद करतो. प्रकृती पित्तप्रधान, रक्तदाब किंचित वाढलेला. त्यास आम्ही कुंभकासह अनुलोम-विलोम करावयास सांगितले. आठवड्याने तो आला तो डोके अधिक जड झाल्याची आणि छातीत कोंडल्यासारखे वाटत असल्याची तक्रार घेऊन. श्वास रोखला की राग आत जास्तच उकळतो, असे तो म्हणाला. आम्हास ग्रंथ पुन्हा उघडणे भाग पडले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. मूत्र, पुरीष, क्षवथु इत्यादी तेरा वेग अधारणीय. लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी मनाचे वेग धारणीय. परीक्षेपुरते हे दोन गट वेगळे लिहिले की काम भागत असे. परंतु अधारणीय वेगांत श्रमश्वास आणि बाष्प, म्हणजे अश्रू, हेही आहेत, याकडे आमचे दुर्लक्ष झाले होते. रागावलेल्या मनुष्याचा श्वास श्रम केलेल्याप्रमाणेच जलद व उथळ असतो. आमच्या मते त्या अवस्थेत कुंभक देणे म्हणजे धारणीय वेग आवरण्याच्या नादात अधारणीय वेग अडविणे होय. क्रोध धरावा, श्वास सोडावा आणि डोळे भरून आले तर तेही वाहू द्यावेत.

राग ‘मोकळा करावा’ असे मानणारा प्रवाहही महाराष्ट्रात रुजलेला आहे. रजनीशांनी १९७० मध्ये मांडलेल्या सक्रिय ध्यानात जलद श्वसनानंतर ओरडणे, रडणे, अंग झटकणे यांस स्वतंत्र टप्पा आहे. १९७४ पासून पुण्याच्या आश्रमात ते प्रसिद्धीस आले. उलट १९७६ मध्ये सुरू झालेल्या इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात आनापान शिकवितात. त्यात श्वास नियंत्रित करावयाचा नसतो, केवळ पाहावयाचा असतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दीर्घ श्वसन, ध्यान, शिथिलीकरण अशा उत्तेजना कमी करणाऱ्या उपायांनी राग घटल्याचे आढळले. आदळआपट, धावणे अशा उत्तेजना वाढविणाऱ्या कृतींनी तो एकंदरीत घटला नाही. क्रोधास धारणीय म्हणणाऱ्या आचार्यांच्या बाजूचाच हा कौल आम्ही समजतो. धारण म्हणजे मात्र गिळून बसणे नव्हे. अहितकर विषयापासून मन परतविणे, हीच सत्त्वावजयाची व्याख्या आहे.

सध्या आम्ही पुढीलप्रमाणे योजना करतो. सकाळी, रिकाम्या पोटी, पाठ ताठ ठेवून बसावे. चार सेकंद पूरक, सहा सेकंद रेचक, मध्ये रोखणे नाही. मिनिटास सहा श्वास होतात. पाच मिनिटांपासून आरंभ करावा. रेचक लांबला की प्राणदा नाडीच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते, हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही सांगते. त्यानंतर भ्रामरी, ग्रीष्मात व शरदात शीतली. सर्दी, दमा वा कफप्रधान लक्षणे असताना शीतली देऊ नये. भस्त्रिका आणि सूर्यभेदन अशा रुग्णास आम्ही सांगत नाही. (कुंडाच्या उष्ण स्नानाने बरे वाटेल का, असे या भागात हमखास विचारले जाते. पित्त आधीच तापलेले असता आम्ही तूर्त नको म्हणतो.) अभ्यास शांत असतानाच रोज व्हावा, भांडण पेटल्यावर प्रथमच श्वास मोजू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

सर्वच क्रोध रुग्णाचा दोष नसतो. पती मारहाण करतो म्हणून संतापलेल्या स्त्रीस प्राणायाम सांगून परत पाठविणे ही चिकित्सा नव्हे. तिला प्रथम सुरक्षितता हवी. आत्मघाताचे विचार किंवा हिंसेची भीती असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

औषधी विक्रेत्या बंधूंस एक विनंती. ‘राग शांत होण्याची गोळी’ मागणाऱ्यास सर्पगंधायुक्त कल्प वैद्यांच्या लेखी सूचनेविना देऊ नयेत. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, तसेच विषण्णताही येऊ शकते. रक्तदाबाची अन्य औषधे चालू असल्यास धोका वाढतो.

उपरोक्त रुग्णाचा कुंभक आम्ही त्याच दिवशी बंद केला. तीन आठवड्यांनी तो एकटाच आला. श्वास सोडता सोडता एके सकाळी रडू आले, असे त्याने संकोचाने सांगितले आणि हे थांबविण्यासाठी काही औषध आहे का, अशी पृच्छा केली. आम्ही औषध दिले नाही. आणखी पाच मिनिटे वाढवून दिली.